डब्याचा पत्रा आणि मिस्त्रीची विद्या

रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले आहे त्यांना त्यातला हँडलचा प्रसंग आठवत असेल. निवेदकाचा मित्र जॉन याच्या बीएमडब्ल्यूचे हँडल पकडीत घट्ट बसत नाही, सरकते. पातळ पत्र्याची एक पट्टी मध्ये बसवली की काम होईल, असे निवेदक सुचवतो. जॉनला कल्पना पटते. पण ती पट्टी बीअरच्या रिकाम्या डब्यातून कापायची आहे हे कळताच त्याचा विरस होतो. एवढ्या महागड्या जर्मन यंत्राला डब्याचा पत्रा! निवेदकाच्या दृष्टीने मात्र ॲल्युमिनियम मऊ असते, चांगली पकड घेते आणि पावसापाण्यात टिकते. या कामासाठी त्याहून योग्य वस्तू नाही.

हा प्रसंग मी साहित्यप्रेमी मंडळींच्या बैठकीत किमान तीनदा रंगवून सांगितलेला ऐकला आहे. यंत्राचे मर्म आणि यंत्राची प्रतिष्ठा यांतला फरक किती मार्मिकपणे दाखवला, म्हणून सगळ्यांच्या माना डोलतात. आता दुसरा प्रसंग सांगतो. शिरूर अनंतपाळमधल्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात माझी मोटारसायकल उभी होती. लेगगार्डची पकड सैल झाली होती. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिले, शीतपेयाचा रिकामा डबा उचलला, कात्रीने पट्टी कापली, बोटांनी वाकवून मध्ये सारली आणि बोल्ट आवळला. माझ्यासोबत पुण्याहून आलेले एक स्नेही होते. पर्सिग यांचे भक्त. ते हसून म्हणाले, "वा! काय जुगाड आहे!"

तीच पट्टी अमेरिकेतल्या माणसाने कापली तर तत्त्वज्ञान, आणि शिरूर अनंतपाळच्या माणसाने कापली तर जुगाड. माझे सारे भांडण या एका शब्दाशी आहे. स्नेह्यांच्या मनात वाईट काही नव्हते. उलट त्यांना कौतुकच करायचे होते. पण 'जुगाड' म्हणताना आपण त्या माणसाकडे चातुर्य आहे असे मान्य करतो आणि ज्ञान आहे हे नाकारतो. ज्याला आपण ज्ञान म्हणतच नाही, ते कुणी हिरावून नेले तरी आपल्याला चोरी झाल्याचे कळत नाही. मोटारसायकलच्या दुरुस्तीच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे.

आधी हे ज्ञान आहे, हे सिद्ध करतो. माझ्या जुन्या गाडीला एक विचित्र खोड लागली होती. सात-आठ किलोमीटर झकास चालायची आणि मग आचके देत बंद पडायची. पाच-दहा मिनिटे थांबले की पुन्हा पहिल्या किकला सुरू. मी प्लग बदलला होता, पेट्रोल बदलून पाहिले होते. मिस्त्रीने गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. बंद पडते तेव्हा इंजिन तापलेले असते का? टाकी भरलेली असताना जास्त होते की रिकामी असताना? थांबल्यावर झाकण उघडता का? इंजिन चालू राहायला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. त्यांतली कोणती तुटते, एवढाच शोध. त्याने प्लग काढून पाहिला. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असता तर कमी. हा विटकरी होता, म्हणजे एरवी मिश्रण बरोबर. तापल्यावर कॉइल दगा देते का हे पाहायला तो स्वतः गाडी घेऊन निघाला आणि ती बंद पडताच तिथल्या तिथे ठिणगी तपासली. ठिणगी होती. मग त्याने टाकीचे झाकण उघडले. फुस्स असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि गाडी सुरू झाली. झाकणातले हवेचे बारीक छिद्र मातीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल उतरणेच थांबायचे. त्याने सुई आणि फुंकर एवढ्यावर काम भागवले.

निरीक्षण, तर्क, चाचणी, एकेक शक्यता वगळणे आणि शेवटी प्रयोगाने सिद्धी. प्रयोगशाळेत याच क्रमाला आपण विज्ञान म्हणतो. मी त्याला विचारले, "चाचा, हे कुठं शिकलात?" तो म्हणाला, "सर, गाडी सांगायलीय की काय दुखायलंय ते. आपून ऐकत न्हाई."

हे ऐकणे शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणी किती मोलाचे आहे, हे शहरात बसून उमगत नाही. १९९९ साली हा स्वतंत्र तालुका झाला. पण आजही बऱ्याचशा कामांसाठी निलंगा, उदगीर नाहीतर लातूर गाठावे लागते. इथली मोटारसायकल हौसेची वस्तू नाही. तिच्यावर दुधाचे कॅन जातात, कडब्याच्या पेंढ्या जातात, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या येतात, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसे दोघांच्या मधे बसून जातात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा खेड्यांतून घागरी आणि कॅन वाहिले ते याच गाड्यांनी. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, आणि उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन एअर फिल्टरमध्ये जाते. इथल्या मिस्त्रीचे ज्ञान या मातीतून आले आहे. ते कंपनीच्या पुस्तिकेत नाही.

आता हौशी मंडळींकडे वळतो. मी स्वतःही त्यांच्यातलाच आहे, त्यामुळे हा घरचा आहेर समजावा. जुन्या जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० यांच्यावर आमचे अतोनात प्रेम. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या चकचकीत करून मिरवतात. एकमेकांना सल्ले देतात, सुट्या भागांचे पत्ते सांगतात. हे सगळे उत्तम आहे. पण त्या सल्ल्यांत एक वाक्य हमखास येते : 'गल्लीतल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.' मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. जावाचे नाव बाजारात परत आले ते २०१८ मध्ये, आणि तेही नव्या यंत्रावर. मधली बावीस वर्षे या गाड्या कुणी जिवंत ठेवल्या? कारखाना नाही, अधिकृत सेवा केंद्र नाही, अस्सल सुटे भाग नाहीत. कुणी लेथवर बुश कातून दिले, कुणी दुसऱ्याच गाडीचा पिस्टन बोअर करून बसवला, कुणी क्लचप्लेटला नवे अस्तर चढवले. आम्ही ज्याला 'वारसा' म्हणून मिरवतो, तो त्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या काळ्या हातांनी आमच्यापर्यंत पोचवला आहे. गाडीला 'दंतकथा' म्हणायचे आणि ती चालू ठेवणाऱ्याला 'अडाणी' म्हणायचे, ही कृतघ्नता आहे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत वर्णन आहे. हाताने काम करणाऱ्याचे कौशल्य जन्माने ठरलेले आणि त्याचे मोलही जन्माने ठरलेले, अशी ती व्यवस्था. मोटारसायकलचा मिस्त्री त्या यादीत नव्हता. त्यामुळे गॅरेज ही खेड्यातली अशी एक कार्यशाळा झाली की जिथे कोणत्याही जातीधर्माचा मुलगा पाने देता देता शिकू शकला. पण गाव जुनेच राहिले. कामाची जात सुटली तरी हातांना चिकटलेली तुच्छता सुटली नाही. पदवीधराचे ते 'ज्ञान' आणि मिस्त्रीचा तो 'हात', ही विभागणी आपल्या भाषेत शाबूत आहे.

आता चोरीबद्दल. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला, संवेदक आणि संगणकावर चालणारे इंधन-अंतःक्षेपण आले. प्रदूषण घटले, मायलेज सुधारले, चोकची कटकट गेली. कार्ब्युरेटर परत आणा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे म्हणणे त्या संगणकाच्या किल्लीविषयी आहे.

माझी नवी गाडी ऐन पेरणीच्या दिवसांत बंद पडली. मीटरवर पिवळा दिवा लागला. मिस्त्रीने चावी फिरवायला सांगितली आणि टाकीला कान लावला. चावी फिरवताच पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा, तो आला नाही. फ्यूज ठीक होता. "पंप मेला नसंल, करंट पोचत नसंल. जोड बघावा लागंल," तो म्हणाला. पण गाडी वॉरंटीत होती आणि दोषाचा संकेत वाचायचे उपकरण त्याच्याकडे नव्हते. टेम्पोत घालून गाडी अधिकृत सेवा केंद्रात नेली. चार दिवसांनी मिळाली. बिलावर संपूर्ण पंप बदलल्याची नोंद होती. जुना पंप मागितला तर तो 'परत पाठवला' असे उत्तर मिळाले. मिस्त्रीचे निदान बरोबर होते की चूक, हे आता कधीच कळणार नाही. माझे चार दिवस गैरसोयीचे गेले, एवढेच. ज्याच्या गाडीवर बियाणे यायचे असते, त्याचे ते चार दिवस वापशाचे असतात.

ही माझ्या एकट्याची तक्रार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप हाच होता : सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे. पुढे दंडाच्या रकमेवर अपिले झाली, आणि तो खटला चारचाकींचा होता; पण तत्त्व तेच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी वाहनदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे आणि वाहने दोन्ही धरली, आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. मात्र कंपन्यांना बांधील करणारा कायदा झालेला नाही. सदिच्छेने कुलूप उघडत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. 'हे लोक वायरी तोडतात, सायलेन्सर पोखरतात, हातोड्याने बेअरिंग बसवतात.' खरे आहे. ड्रेनबोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळून माझ्याही गाडीचे आटे एकाने घालवले आहेत. पण वाईट वैद्य आहेत म्हणून वैद्यकाची पुस्तके कुलपात ठेवा, असे कुणी म्हणत नाही. अज्ञानावर उपाय शिक्षण हा आहे. ज्याला माहिती द्यायची नाही, त्यालाच अडाणी म्हणून हिणवणे हा युक्तिवाद फार जुना आहे, आणि या महाराष्ट्रात तो कुणी कुणाविरुद्ध वापरला हे सांगायला नको. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ब्रेकच्या संगणकात कुणीही लुडबूड करू नये, हे मान्य. पण दोषाचा संकेत वाचू देणे आणि संगणकाची आज्ञावली बदलू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय यंत्राचे दुखणे आधी कळते कुठे? वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले तेव्हा, काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये मान्य केले. शिरूर अनंतपाळमध्ये चालतात त्या बहुतांश जुन्या गाड्या. फुगलेले रबर पहिल्यांदा हातात घेणार तो मिस्त्री. पण त्याचे निरीक्षण टिपून घेणारी एकही यंत्रणा नाही, कारण ते 'निरीक्षण' आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आणि इथे आपण, म्हणजे लिहिणारे-वाचणारे, थेट दोषी ठरतो. आपल्या परिभाषा कोशांनी पिस्टनला 'दट्ट्या' आणि व्हॉल्व्हला 'झडप' दिली. शब्द वाईट नाहीत. पण कुठल्याही गॅरेजात दट्ट्या मागून पाहावा. उलट गाडी 'मिसिंग मारते', 'उचलत नाही', 'तेल खाते', इंजिन 'धरले', आटे 'गेले', छर्रे 'फुटले', ही रोजची, नेमकी, एकेका दोषाला एकेक क्रियापद देणारी मराठी कोणत्या कोशात नोंदली आहे? शेतीच्या आणि विणकामाच्या शब्दांबद्दल हळहळ व्यक्त करणारे आपण, डोळ्यांदेखत घडलेल्या भाषेकडे मात्र इंग्रजीमिश्रित म्हणून नाक मुरडतो. पडद्यावर दोषाचा आकडा उमटू लागला की या क्रियापदांची गरज संपेल. आकडा वाचणारा माणूस गाडीचे ऐकणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दुरुस्तीच्या पुस्तिका मराठीत आणि विकत मिळतील अशा असाव्यात. दोषाचे संकेत वाचण्याची सोय रास्त किमतीत कोणत्याही गॅरेजला मिळावी. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती परत द्यावा. ही तीन कामे सरकारची आणि कंपन्यांची. चौथे काम आपले. पर्सिग जरूर वाचावेत. पण आपापल्या गावच्या मिस्त्रीजवळ वही घेऊन तासभर बसावे आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

लेगगार्डमधली ती पट्टी अजून जागेवर आहे. स्नेही पुन्हा आले तेव्हा मी त्यांना ती दाखवली. ते म्हणाले, "अजून टिकलाय की जुगाड!" यावर काय म्हणावे, हे मी वाचकांवर सोपवतो.