तलाव सरकारचा, मग सारस कोणाचा?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या डोंगररांगांच्या कुशीत बोदलकसा वसले आहे. ब्रिटिश आमदनीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेल्या मातीच्या धरणामागे येथे विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात आणि त्यांच्या मागोमाग शहरांतून पर्यटकही येतात. त्या पाळीवर उभे राहून एक साधा प्रश्न विचारावा : हे सारे कोणाचे? उत्तर कागदोपत्री तयार आहे. पाणी पाटबंधारे खात्याचे, मासळी ठेक्याची, काठावरचे अरण्य वनखात्याचे आणि पाहुणे पर्यटन खात्याचे! या वाटणीत दोघांचा हिस्सा कोठेच आढळत नाही. एक काठावरचे गाव आणि दुसरा पाणपक्षी.

बोदलकसा हा सरकारने बांधलेला तलाव, म्हणून तेथे ही वाटणी समजू तरी शकते. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक तलाव असे आहेत, की जे बांधताना सरकारने एक टोपली मातीही टाकली नव्हती. गोंड राजांच्या आश्रयाने, जो तलाव बांधील त्याला जमीन, या न्यायाने ते उभे राहिले. बांधणारे मुख्यतः कोहळी. नवेगावबांधच्या विशाल जलाशयाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव आजही आदराने जोडले जाते. पाळ कोठे घालावी, तुडूम कोठे बसवावे, अतिरिक्त पाणी सलंगावरून कोठे सोडावे, हे शास्त्र या समाजाला कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने शिकविले नव्हते.

या रचनेचे रहस्य तिच्या उथळपणात होते. पाळीजवळ पाणी खोल, पण वरच्या अंगाला ते गुडघाभर आणि पुढे घोटाभर होत गवताळ पडीत विरून जाई. त्या उथळ पट्ट्यात देवधान उगवे, कमळ व पोयण फुले, मरळ आणि वाम यांची पिल्ले वाढत. पाणी ओसरले की तेथेच गावची गुरे चरत. ढिवर समाज मासळी धरी, पण कोणत्या ऋतूत कोठे जाळे टाकायचे नाही हेही तोच जाणत असे. अशाच पट्ट्यात आणि त्याखालच्या धानाच्या बांध्यांत सारस आपले घरटे घालतो. उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतो. व्याधाच्या बाणाने ज्याची जोडी फुटली आणि ज्याच्या शोकातून आदिकवी वाल्मीकींची वाणी प्रकटली, तो क्रौंच म्हणजे सारसच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या पक्ष्याची महाराष्ट्रातील अखेरची वसती आज मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या परिसरात उरली आहे, आणि तीही हाताच्या बोटांवर थोड्याच फेऱ्यांत मोजता येईल एवढी.

हे असे का झाले? १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. ती संपली याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्या व्यवस्थेत बेगार होती, उच्चनीचता होती, आणि ती परत आणा असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु मालगुजाराकडून काढून घेतलेला तलाव गावाच्या हाती दिला गेला असता तर ते स्वराज्य ठरले असते. प्रत्यक्षात तो सरकारजमा झाला. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. हक्क गेला, त्याबरोबर कर्तव्यही गेले. पाळीला खिंड पडली तर रात्री कुदळ घेऊन धावणारा गावकरी आता अर्ज लिहू लागला. गाळ साचला, बेशरमीने काठ व्यापले. मत्स्यविकासाच्या नावाखाली बाहेरून आणलेला गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करू लागला. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती पडीक, ही साहेबी समजूत आमच्या स्वतंत्र देशाच्या दप्तरांनी जशीच्या तशी उचलली. गवताळ पड आणि उथळ पाणी या दोघांचाही बळी त्याच एका शब्दाने घेतला.

आता संरक्षणाचा कायदा पाहू. १९७१च्या रामसर कराराने पाणथळ जागांच्या व्याख्येत मानवनिर्मित जलाशयही धरले. भारत १९८२ मध्ये त्या करारात सामील झाला. पण २०१७च्या आपल्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून मात्र धानाची शेते आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले गेले! म्हणजे सारस जेथे अंडी घालतो तीच भूमी नियमांच्या दृष्टीने पाणथळ नाही. ही चूक कोणत्या पक्षाच्या सरकारच्या काळात झाली हा प्रश्न गौण आहे. आपल्या म्हणवणाऱ्या सरकारलाही आपण ती दाखवून दिली पाहिजे. ज्यांनी तलाव बांधणे हे पुण्यकर्म मानले त्यांच्या वंशजांना, माणसाने बांधले ते निसर्गात मोडत नाही, हे कोणी शिकविले?

हे शिक्षण बाहेरून आले. १८७२ मध्ये अमेरिकेने यलोस्टोन राखीव केले आणि माणूस हटविला की निसर्ग वाचतो, हा विचार जगभर गेला. त्याच अमेरिकेने प्रेअरीच्या अफाट गवताळ प्रदेशातून मूळ रहिवासी हुसकले, गव्यांच्या जातीचे बायसन जवळजवळ संपविले, पाणथळी उपसून नांगर घातला. १९४१ पर्यंत त्यांचा हूपिंग क्रेन, म्हणजे आपल्या सारसाचाच भाऊबंद, वीस-बावीसवर आला होता. पुढे त्यांनाच उमगले, की आग आणि चराई थांबली की प्रेअरीत झुडपे माजतात. कॅन्सासमधील कोंझा प्रेअरी संशोधन केंद्रात १९७१ पासून नेमका याचाच अभ्यास चालू आहे. मूळ रहिवासी जे पिढ्यान्‌पिढ्या करीत होते, ते आता शास्त्रज्ञ आखून करतात.

आपल्याकडे भरतपूरने हाच धडा रक्त सांडून दिला. १९८२ मध्ये तेथे गुरचराईवर बंदी आली, गावकऱ्यांशी संघर्ष होऊन गोळीबारात माणसे गेली. त्यानंतर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी हटताच गवताने पाणी गुदमरले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. गोपालकाला शत्रू ठरविणारे धोरण पक्ष्यांचे मित्र ठरले नाही.

यावर कोणी म्हणेल, की गावकरी काय धुतल्या तांदळासारखे आहेत? सारस मरतो तो शेतातल्या कीटकनाशकानेही मरतो. हे खरे आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. विजेच्या तारांनीही सारसांचे बळी घेतले आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१ मध्ये सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण ज्याच्या बांधीत घरटे आहे त्या शेतकऱ्याला विश्वासात घेतल्यावर तोच त्याची राखण करतो, हा गोंदियातील 'सेवा' संस्थेच्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर बंधुभगिनींनी बेशरम उपटून, तलावाच्या पोटात देशी पाणवनस्पती पुन्हा लावून दाखविल्या आहेत. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानेही नवेगावात माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून अरण्याची आणि पाखरांची विद्या घेतली आणि ते ऋण मोकळेपणाने मान्य केले. विद्या गावात आहे. तिला अधिकार नाही, एवढेच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. पाणथळीची व्याख्या दुरुस्त करून मामा तलाव तिच्यात आणावेत. गाळ काढताना जेसीबीने सरसकट खड्डा न खोदता उथळ काठ राखून ठेवावा, कारण खोल कुंडात सारस उभा राहू शकत नाही. ठेका केवळ मासळीच्या वजनावर न देता काठ राखण्याच्या अटीवर ढिवर संस्थांना द्यावा. २००६च्या वनहक्क कायद्यात वनवासी आणि पारंपरिक वननिवासी समाजाचे मासळी व चराईचे सामूहिक हक्क मान्य आहेत. ते वनक्षेत्रातील तलावांवर ग्रामसभांना प्रत्यक्षात मिळावेत. निस्तारपत्रकातील जुन्या नोंदी धूळ खात पडू देऊ नयेत.

समाजानेही आपला वाटा उचलावा. तलावपूजनाला नारळ वाहणारे हात काठावरची बेशरम उपटायलाही वळले पाहिजेत, आणि सारसाचे घरटे असलेल्या बांधीपुरते तरी विषारी औषध बाजूला ठेवले पाहिजे. व्याधाच्या बाणाने एक क्रौंच पडला तेव्हा एका ऋषीचे हृदय हेलावले. आज गोंदियात जोड्यामागून जोड्या फुटत आहेत. आमचे हृदय हेलावणार की आम्ही रामायणाची केवळ पारायणेच करणार?