पोरगं 'ढ' नाही, आपलं माप आखूड आहे

दहावीचा निकाल लागला की अमरावती आणि अकोल्यात चौकाचौकात शिकवणी वर्गांचे फलक झळकतात. अकोला तर 'नीट'च्या तयारीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतली मुलं खेचणारं शहर झालंय. वलगाव रोड असो की अकोट फैल, आपल्या वस्त्यांतले आई-वडीलही पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यात गैर काही नाही. पण मुलगा दोन महिन्यांत मागे पडला की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "याला डोकंच नाही." हे वाक्य एकदा तपासायला हवं.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं की बुद्धी एकाच प्रकारची नसते. भाषा, गणित-तर्क, आकार व जागेची जाण, संगीत, शरीर, माणसं ओळखणं आणि स्वतःला ओळखणं असे सात प्रकार त्यांनी सांगितले. पुढे निसर्गाची जाण हा आठवा जोडला. आपल्याकडे याची उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही. आवाजावरून गाडीचा बिघाड सांगणारा गॅरेजमधला पोरगा, ऐकून ऐकून पारे हिफ्ज करणारा मुलगा, नजरेनेच कापड बेतणारी मुलगी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून शरीराच्या शिक्षणालाही शिक्षण मानत आलंय. मग वर्गात याच मुलांना 'ढ' का म्हणायचं?

मात्र याच विचाराच्या नावावर धंदाही चालतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची 'जन्मजात बुद्धी' सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. याला शास्त्रीय आधार नाही आणि खुद्द गार्डनर यांचाही या चाचण्यांना पाठिंबा नाही. दुसरा गैरसमज, 'हा बघूनच शिकतो, तो ऐकूनच शिकतो' असा शिक्का मारण्याचा. 2008 मध्ये संशोधकांनी यावरचे अभ्यास तपासले, तेव्हा असं वेगवेगळं शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. गार्डनर यांच्या मांडणीवरही तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणजे 'ढ'चा शिक्का पुसून नवा शिक्का मारणं हा काही उपाय नव्हे.

उपाय साधा आहे. एकच धडा सगळ्या मुलांना अनेक दारांनी दाखवायचा. अपूर्णांक फळ्यावर समजले नाहीत तर शिंप्याची टेप हातात द्या. इंचाचे आठ भाग मोजताना पाव, अर्धा, पाऊण आपोआप डोक्यात बसतात. मग तेच वहीत सोडवायला लावा आणि शेवटी शेजारच्या मुलाला समजावून सांगायला लावा. ज्याला सांगता आलं, त्याला समजलं.

आमच्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. दहावीपर्यंत उर्दूत 'कसाफत' शिकलेला मुलगा अकरावीत 'डेन्सिटी' ऐकून गप्प बसतो. मराठीत तीच 'घनता'. कल्पना त्याला येते, शब्द येत नाही. आणि आपण त्याला मंद ठरवतो. 'नीट' 2018 पासून उर्दूतही देता येते, पण शिकवणी बहुतेक इंग्रजीतच. आठवी-नववीपासूनच तिन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहिण्याची वही ठेवली तर हा घाट बराच सोपा होतो. त्याला खर्च वहीपुरताच.

सरकारी कागदही याच दिशेने बोलतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने गुणांपलीकडे जाणाऱ्या सर्वांगीण प्रगतीपुस्तकाची गोष्ट केली. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असं त्यात आहे. तरी सातवी-आठवीच्या मुलांसाठी 'फाउंडेशन'च्या जाहिराती सुरूच आहेत. आणि परीक्षा तर परीक्षाच राहणार. 'नीट'चे 720 गुण कागदावरच मिळवावे लागतात. म्हणून अभ्यासातून सूट कुणालाच नाही, फक्त वाट बदलायची आहे.

तेव्हा फी भरण्याआधी सरांना तीन गोष्टी विचारा. एका बॅचमध्ये मुलं किती? न समजलेला धडा दुसऱ्या पद्धतीने पुन्हा शिकवता का? उर्दू माध्यमाच्या मुलाला शब्दांसाठी वेगळा वेळ देता का? उत्तर मिळालं नाही तर दुसरं दार ठोठवा. आणि घरात मुलाला 'किती मार्क?' विचारण्याआधी 'आज काय समजलं, मला सांग' एवढं विचारा.