‘मानवी चूक’ म्हणजे काय रे भाऊ?

‘मानवी चूक’ हे दोन शब्द माझ्या डोक्यात जातात. कुठल्याही दुर्घटनेचा चौकशी अहवाल घ्या, नाहीतर आयटी कंपनीत सर्व्हर झोपल्यावर भरतात ते ‘रूट कॉज’वालं एक्सेल शीट घ्या. शेवटच्या रकान्यात हे दोन शब्द पडले की सगळ्यांना एकदम हायसं वाटतं. कारण सापडलं, माणूस सापडला, विषय संपला. चला चहाला!

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ‘मानवी चूक’ हे चौकशीचं उत्तर नाहीच. खरी चौकशी तिथून पुढे सुरू व्हायला पाहिजे. आणि हे पटवायला मला लांब कुठे जायची गरज नाही, आमच्या चिकलठाण्यातलंच उदाहरण पुरेसं आहे.

२६ एप्रिल १९९३. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आलं होतं आणि इथून मुंबईला निघालं होतं. आत ११८ माणसं, त्यातली ६ कर्मचारी. वेळ दुपारी एकच्या सुमाराची. मराठवाड्यातला एप्रिल म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. हवा तापली की विरळ होते, आणि भरलेल्या विमानाला उचलायला जास्त वेग, जास्त धावपट्टी लागते. विमान धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला गेल्यावर उचललं गेलं. टोकापलीकडे काही शे फुटांवर बीड रस्ता. त्या रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाकं आणि डावं इंजिन त्या ट्रकवर आदळलं. जखमी विमान तसंच पुढे गेलं, सुमारे ३ किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकलं आणि कोसळलं. ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशी झाली. तिने दोन कारणं दिली. पहिलं, वैमानिकांची चूक. विमानाचं नाक वेळेवर उचललं गेलं नाही, उशिरा उचललं गेलं. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेलं अपयश.

आता ही दोन कारणं शेजारी शेजारी ठेवून बघा. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की ती दोन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. नाक कधी उचलायचं हा काही सेकंदांचा निर्णय. तो घेणारा माणूस कॉकपिटमध्ये, एका हातात वेग आणि समोर संपत आलेली धावपट्टी. रस्ता मात्र त्या दिवशी अचानक उगवला नव्हता. तो काल होता, परवा होता, गेल्या वर्षीही होता. धावपट्टीच्या तोंडासमोरून ट्रक जातात हे बघायला विमानतळावरच्या कुणालाही नुसतं खिडकीशी उभं राहणं पुरे होतं. विमान सुटताना चार माणसं, दोन फाटकं, एक फोन, एवढ्याने तो रस्ता पाच मिनिटं थांबवता आला असता. विचार करायला सेकंद नाही, वर्षं हाताशी होती. डोक्यावर ताण नव्हता, टेबल-खुर्ची होती, फाईल होती.

आणि आपण लक्षात काय ठेवतो? सेकंदवाली चूक. ‘पायलटचं चुकलं’ हे दोन शब्दांत सांगता येतं. ‘वाहतूक नियमनातील अपयश’ म्हटलं की ऐकणारा जांभई देतो. ज्या संस्थेवर ठपका आला ती तर १९९५ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झाली. पुढे विमानतळ वाढला, २००८ मध्ये नवं टर्मिनल आलं. छानच झालं. पण शहाणपण यायला ५५ माणसं खर्ची पडली.

कुणी म्हणेल, विमान कुठे आणि तुमचं सॉफ्टवेअर कुठे? आमच्याकडे बहुतेक वेळा कुणी मरत नाही, मान्य. पण चौकशीची तऱ्हा तंतोतंत तीच असते. माझ्या बघण्यातला एक प्रसंग सांगतो (कंपनीचं नाव विचारू नका). शुक्रवारी रात्री रिलीज. ज्या मुलाने ते केलं त्याला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, आणि तो त्या आठवड्यात रोज रात्री एकपर्यंत जागा होता. एक स्क्रिप्ट टेस्टऐवजी प्रॉडक्शनवर चालली. दोन्हींच्या काळ्या खिडक्या हुबेहूब सारख्या, नावात एका अक्षराचा फरक. ग्राहकाचं काम सहा तास बंद. सोमवारी मीटिंग. ‘मूळ कारण: मानवी चूक. उपाय: टीमला जास्त काळजी घेण्याच्या सूचना दिल्या.’ झालं! टेस्टिंगचे चार दिवस कापून दीड दिवस कुणी केला, प्रॉडक्शनचा पासवर्ड नवख्या मुलाच्या हातात का होता, रिलीज शुक्रवारी रात्रीच का, हे प्रश्न त्या शीटमध्ये नव्हतेच. कारण त्यांची उत्तरं देणारी माणसं मीटिंगच्या टेबलाच्या त्या बाजूला बसली होती. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

‘काळजी घ्या’ हा उपाय नाहीच, ती नुसती शुभेच्छा आहे. हे जगाला कळून ऐंशी वर्षं झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर धडाधड पोटावर बसायची. वैमानिक पंखांच्या फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे. सगळे म्हणाले, वैमानिक दमलेत, बेफिकीर आहेत. १९४३ मध्ये अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही खटके एकाच आकाराचे आणि शेजारी शेजारी! त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पंखासारखा पाचरीचा आकार दिला. दमलेली बोटंही आता फरक ओळखायला लागली, आणि तो घोळ थांबला. आजही विमानांत ते दोन दांडे स्पर्शाने वेगळे कळतात. वैमानिक तेच, थकवा तोच, युद्धाचा ताण तोच. बदलला फक्त खटका. आमच्या त्या दोन काळ्या खिडक्यांपैकी एकीला लाल रंग द्यायला किती खर्च आला असता सांगा बरं?

आता ताणाबद्दल. आपल्याकडे ताण म्हणजे पावसासारखा आकाशातून पडतो अशी समजूत आहे. मग कंपनी काय करते, तर वर्षातून एकदा योगाचं सेशन ठेवते आणि श्वास कसा घ्यावा ते शिकवते. अहो, ताण कुणीतरी तयार करतं. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत देतो असं ग्राहकाला सांगणारा माणूस तो तयार करतो. विमान कंपन्यांना निदान वैमानिकाच्या झोपेचा हिशोब नियमाने ठेवावा लागतो. २०२५ मध्ये आपल्याकडे वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणल्या. डिसेंबरमध्ये इंडिगोची शेकडो विमानं रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकून पडले, आणि नियम पाळायला पुरेशी तयारी केली नव्हती हे चव्हाट्यावर आलं. कंपनीला त्या नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली. म्हणजे सगळा गाडा माणसांच्या अपुऱ्या झोपेवर चालला होता, विश्रांती द्या म्हटलं की कोसळला! आमच्या धंद्यात तर असा नियमच नाही. पहाटे चारला फोनवर असलेला माणूस सकाळी दहाला डेमो देतो आणि आपण त्याला ‘डेडिकेटेड’ म्हणतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘नाचता येईना अंगण वाकडं! सगळं सिस्टीमवर ढकललं तर माणसं बेफिकीर होतील.’ आक्षेप खोटा नाही. म्हणूनच नीट फोड करू. हात घसरणं वेगळं, धोका ठाऊक असून शॉर्टकट मारणं वेगळं आणि मुद्दाम केलेली लबाडी वेगळी. दारू पिऊन विमान उडवणाऱ्याला किंवा चाचणी न करताच ‘केली’ म्हणून सही ठोकणाऱ्याला मी वाचवायला निघालेलो नाही. त्यांना शिक्षा व्हावीच. पण प्रामाणिकपणे हात घसरलेल्या माणसाला शिक्षा केली तर बाकीचे शिकतात ते एवढंच, की चूक लपवायची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात अपघाताच्या चौकशीविषयीचं तेरावं परिशिष्ट आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. ज्या धंद्याने हे मनावर घेतलं तो आज जगातला सगळ्यांत सुरक्षित प्रवास देतो. हे काय लाड करून झालं?

आमच्या धंद्यातही चांगली उदाहरणं आहेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकून चालू डेटाबेस पुसला. मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. कंपनीने हे सगळं जाहीर लिहिलं. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनच्या एका माणसाने कमांडमध्ये एक आकडा चुकीचा दिला आणि निम्मं इंटरनेट तासन्‌तास लंगडलं. त्यांनी त्या कमांडलाच लगाम घातला: एकदम इतके सर्व्हर काढताच येणार नाहीत. बोटं चुकणारच हे धरून चालले. अंगण खरंच वाकडं असतं हो कधी कधी. आणि ते सारवणारा नाचणारा नसतो.

मात्र इथे दुसरा खड्डा आहे, आणि माझे आयटीवाले मित्र त्यात हटकून पडतात. ‘सिस्टीमचा दोष’ म्हणायचं आणि हात झटकायचे. सिस्टीम म्हणजे कोण? तिला पगार मिळतो का? २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. प्रवासी कित्येक वर्षं रुंद पूल मागत होते. रेल्वेच्या चौकशीने कारण शोधलं ते काय, तर जोराचा पाऊस! म्हणजे ढगांवर ठपका. पण तोच नवा पूल लष्कराकडून पाच महिन्यांत उभा राहिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरूही झाला. पाच महिन्यांत होणारं काम कुणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून होतं, त्या टेबलाला नाव होतं की नाही?

याचं दुसरं टोक अहमदनगरला दिसलं. ६ नोव्हेंबर २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण गेले. काही वरिष्ठ निलंबित झाले, पण पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवो. मला एवढंच विचारायचंय, की त्या इमारतीची वायरिंग, पाण्याचे फवारे, बाहेर पडायच्या वाटा, यातलं काय परिचारिकेच्या हातात होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे उगाच जन्माला आलेली नाही.

‘मग मंत्र्याने राजीनामा द्यावा’ असं लगेच कुणी म्हणेल. शास्त्रीजींनी १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर दिला, त्याचं कौतुक मलाही आहे. पण एक योगायोग बघा. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीत भाड्याने घेतलेलं एक विमान उतरताना कोसळलं, एकही माणूस दगावला नाही, तरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंद्यांनी राजीनामा दिला. सभ्य माणूस! पण त्यानंतर साडेतीन महिन्यांनी चिकलठाण्याच्या धावपट्टीपुढून ट्रक जातच होते. राजीनाम्याने माणसाची इभ्रत राहते, रस्त्यावरचा ट्रक थांबत नाही.

म्हणून मला जबाबदारीची व्याख्या वेगळी हवी. ज्याच्याकडे बदलायची ताकद होती, ज्याला माहीत होतं आणि ज्याच्याकडे वेळ होता, तो आधी जबाबदार. ज्याच्याकडे फक्त दोन सेकंद होते, तो सगळ्यांत शेवटी. आपली उतरंड बरोबर उलटी चालते. पगार वरून खाली येताना कमी होतो आणि दोष वरून खाली येताना वाढतो.

तेव्हा उद्या तुमच्या ऑफिसात, कारखान्यात, दवाखान्यात कुणी ‘मानवी चूक’ लिहून फाईल बंद करायला निघालं, तर तीनच प्रश्न विचारा. हे होऊ शकतं हे आधी कुणाला माहीत होतं? ते थांबवायचा अधिकार आणि पैसा कुणाकडे होता? आणि येत्या कुठल्या तारखेपर्यंत नेमकं काय बदलणार, कुणाच्या सहीने? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘सूचना दिल्या आहेत’ आलं, तर समजा की ट्रक अजून रस्त्यावरच आहे.