स्क्रीन मोठी, बटणं गायब!

गाड्यांचा विषय निघाला की कॉलेजच्या कट्ट्यावर मायलेजवरून गाडी थेट सनरूफवर जाते. दिसायला भारीच; पण मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात डोक्यावर काच घेऊन फिरायचं कशाला, राव?

खरा घोळ स्क्रीनचा आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन आहेत. टाटा नेक्सॉनचं एसी पॅनलही २०२३ पासून बरंचसं टचवर गेलं. बटण बोटांना कळतं, टचसाठी नजर वळवावी लागते. पुणे हायवेवर ताशी ८० च्या वेगात दोन सेकंद नजर हटली, तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. आणि गळीत हंगामात रात्री समोर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असली तर?

युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्नसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. आपल्या भारत एनकॅपनेही हे उचलायला हरकत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे सनरूफवाल्या मॉडेलमध्ये घालण्याआधी टेस्ट ड्राइव्हला रस्त्यावरून नजर न हटवता एसी कमी करून बघा.