परसातील गढूळ हौद

इस्राएलचा उन्हाळा लागताच घरामागील पोहण्याच्या हौदांविषयी आम्हांस विचारणा होऊ लागते. पाणी हिरवे झाले म्हणून भरपूर क्लोरीन टाकले. शेवाळ मेले, पण पाणी दुधासारखे झाले. मग तुरटी टाकली, तरी निवळेना, म्हणून आणखी टाकली!

कोकणात पावसाळ्यातील गढूळ पाण्यात आपल्या आज्या तुरटीचा खडा दोनचार वेळा फिरवीत आणि हंडा बाजूस ठेवून देत. हौदासही तोच न्याय लागू आहे. तुरटीने पाणी आम्लधर्मी होते. ती अति झाल्यास पीएच इतका उतरतो की गाळाचे पुंजके बांधलेच जात नाहीत. तेव्हा प्रथम पाणी तपासावे, धुण्याचा सोडा थोडाथोडा घालून पीएच ७ च्या आसपास आणावा, पाणी गाळणीत न नेता तासभर फिरवावे आणि मग २४ तास पंप बंद ठेवावा. शुक्रवारी दुपारी हे उरकल्यास शब्बाथची विश्रांती पाण्यासही लाभते. तळाशी बसलेला गाळ नंतर नळीने सावकाश ओढून थेट बाहेर सोडावा. गाळणीतून नेल्यास तिच्यातील वाळू चोंदते.

मात्र त्याच शब्बाथला घरी नातवंडे जमतात. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावर उभ्या असलेल्या माणसासही दिसत नाही. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसेपर्यंत कोणासही पाण्यात उतरू देऊ नये; फाटकास कुलूप असावे. आम्ल आणि क्लोरीन तर एका बादलीत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो.