शिखरिणी, दही आणि तिरफळ

दिवाळीच्या फराळाविषयी लिहिणारांची ह्या अंकात वाण नसेल. चकली का विरघळते आणि अनारसा का हसतो हे सांगायला माझ्याहून हातखंडा भगिनी पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते फराळ आटोपल्यानंतरच्या दुपारबद्दल. सकाळपासून चिवडा झालेला असतो, शेव झालेली असते, आग्रहाखातर चार घरची कडबोळी झालेली असतात. बाहेर शरदाचे ऊन रणरणत असते. घरातला प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या दारात येऊन एकच प्रश्न विचारतो, “काही थंड आहे का ग?” चहा नको असतो, बाटलीतले रंगीत पाणी मुलांना द्यावेसे वाटत नाही, आणि नुसत्या ताकाला सणाच्या दिवशी कोणी मान देत नाही. अशा वेळेसाठी यंदा आमच्या घरी जे पेय ठरले आहे, त्याची ही हकिकत.

मी कॉलेजात मराठी शिकवते. वृत्ते शिकवताना शिखरिणी आली की मुलांना सांगावे लागते : सतरा अक्षरे, सहाव्या अक्षरावर यती, महिम्नस्तोत्र आठवा म्हणजे चाल सापडेल. मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. पण ह्याच नावाचा एक पदार्थ होता असे सांगितले की मागच्या बाकावरचीही मान वर होते. शिखरिणी म्हणजे साखर घातलेले, गाळलेले, सुगंधी दही. आपला ‘शिकरण’ हा शब्द तिचाच वंशज. शब्द मराठीत आला, घरोघर रुळला, आणि वाटेत दह्याचे दूध झाले. केळे येऊन मधोमध बसले. हल्ली शिकरण म्हटले की दह्याची आठवण कोणालाच होत नाही.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात ह्या पदार्थाची कृती आहे. तिथे तिला रसाला असेही म्हटले आहे. म्हशीचे घट्ट दही साखरेसह स्वच्छ फडक्यातून दुधाबरोबर गाळायचे, नव्या मातीच्या भांड्यात धरायचे, आणि वर वेलदोडा, लवंग, कापूर व मिरी घालायची. ही रसाला खाण्याची आवड असलेल्या भीमाने रचली आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा चाखली, असेही ग्रंथकार सांगतो. विराटाच्या घरी बल्लव म्हणून राबलेल्या भीमाला हा मान शोभतोही. मला त्यातल्या मिरीचे नवल वाटले. गोड दह्यात मिरी! आपण तिला रश्शात, साराच्या फोडणीत किंवा खोकल्याच्या काढ्यात पाहतो. पण थंडाईत ती असतेच, आणि दक्षिणेकडे रामनवमीच्या गुळाच्या पानकातही असते. मिरीला गोड वर्ज्य नाही. आपणच तिला तिखटाच्या डब्यात कोंडून ठेवले आहे.

हे सारे मी पुस्तकी हौसेने शोधत होते असे मात्र नाही. माझ्या सासूबाईंना ह्या भाद्रपदात ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चव गेली म्हणजे माणूस जेवणावरच रुसते. ताट जसेच्या तसे परत येई. “सगळं लाकडासारखं लागतं ग,” एवढेच त्या म्हणत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तशी घरातल्या सगळ्यांची बोलणी हळू झाली. डॉक्टरांनी सांगितले, दही द्या, फळे द्या, वरण द्या, जे रुचेल ते द्या. पण रुचत काहीच नव्हते.

आमची मुलगी नव्या काळाची. तिने मोबाइलवर पाहून दही, केळे आणि मध मिक्सरमध्ये फिरवले आणि मोठ्या मायेने आजीपुढे पेला धरला. आजीने पेल्याकडे पाहिलेही नाही.

“केळं आणि दही? विरुद्ध आहार तो. वैद्य हाकलून देईल.”

“आजी, सगळं जग पितं!”

“जग पिऊ दे. मी नाही पिणार.”

मुलगी हिरमुसून आत गेली. मी मात्र रात्री पुस्तके काढली. सासूबाईंचे बोल खरे निघाले. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त केळे ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर खाऊ नये असे स्पष्ट आहे. चरकाने दह्याला आणखी अटी घातल्या आहेत : रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि नुसते खाऊ नये; तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा ह्यांपैकी काहीतरी बरोबर असावे. शरद, ग्रीष्म आणि वसंत ह्या ऋतूंत तर दही बहुधा गैरच, असाही त्याचा इशारा आहे. आता ह्याच वैद्यांना दूध-केळेही पसंत नाही, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकरण-पोळी खात आलो आहोत. आजचे डॉक्टर धडधाकट माणसाला केळे-दही खुशाल खा म्हणतात. पण वाद जिंकून पेला रिकामा होत नसतो. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना एवढेच विचारले, “आई, दह्यात तुमच्याकडे कोणतं फळ चालायचं?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डाळिंब. दहीभातावर घालत नाही का आपण?”

“आणि मसाला? मिरी चालेल?”

“मिरी चालेल. पण माझ्या जिभेला मिरीही कळत नाही आता.” पुन्हा थोडा वेळ गेला. “तिरफळ आहे का घरात?”

आमच्या सासूबाई मालवणकडच्या. तिकडे आणि गोव्यात तिरफळ म्हणजे बांगड्याच्या आमटीचा प्राण. मिरीएवढे वाळके फळ, उकललेले, आत काळा तुकतुकीत दाणा. झाड लिंबाच्या कुळातले, म्हणून वासाला संत्र्याच्या सालीची झाक. आणि बुंध्यावर असे काटे की फळ काढणाराची परीक्षा व्हावी. जिभेवर ठेवले की आधी वास येतो, मग मुंग्या येतात, मग किंचित बधिरपणा, आणि त्यानंतर जे खाल ते लख्ख लागते. पण हे मासळीचे तिरफळ डाळिंबाच्या दह्यात? माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा. “फळ नको ग घालू,” त्या म्हणाल्या, “त्याचं नुसतं पाणी घाल.” आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा उठून, भिंतीला धरत, त्या स्वयंपाकघरात आल्या. तिरफळे त्यांनी स्वतः निवडली. काळे दाणे काढून टाकताना मुलीला जवळ बसवून घेतले आणि म्हणाल्या, “हा दाणा कधी घालायचा नाही. साल तेवढी आपली.” मुलीने तेही मोबाइलवर टिपून घेतले.

त्या दुपारी त्यांनी अर्धा पेला घेतला. तिसऱ्या दिवशी पुरा घेतला, वर लोणच्याची फोड मागितली. चव तिरफळाने आली, दिवस भरले म्हणून आली, की कोणी तरी विचारले म्हणून आली, ह्याचा निवाडा मी करीत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नवे नको असते असे आपण फार लौकर ठरवून टाकतो. त्यांचे जुने आपण विचारलेले नसते, एवढे मला ह्या पेल्याने दाखवले.

आता कृती. चार पेल्यांसाठी साईसकट दुधाचे, त्याच दिवशी विरजलेले, गोडसर दही अर्धा किलो. दोन मोठी डाळिंबे. साखर तीन ते चार मोठे चमचे. पाव चमचा सैंधव. तीन तिरफळे, सहा-सात मिरी, आणि सुंठीची चिमूट.

तिरफळातले काळे दाणे काढून साली अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा, बोटांनी कुस्करा आणि पाणी गाळून घ्या. साली टाकून द्या. दाताखाली आल्या तर पाहुणे घाबरतील. डाळिंबाचे दाणे काढताना मधला पांढरा पापुद्रा राहू देऊ नका, तो कडवट असतो. दाणे मिक्सरमध्ये घालू नका, बिया भरडल्या की रस तुरट होतो. ते चाळणीवर वाटीच्या बुडाने दाबून रस काढा. सव्वा ते दीड वाटी निघेल. दही साखर-सैंधवासह रवीने घुसळा. मिरी पूड करून नव्हे, खलबत्त्यात ठेचून घाला, म्हणजे मधूनच एखादा कण भेटतो. मग सुंठ, तिरफळाचे पाणी, आणि सर्वांत शेवटी रस. रंग गुलाबी येतो. दाट वाटले तर गार पाणी घाला. बर्फ घातला तर मसाल्याची चव दबते.

डाळिंब आता सोलापूरकडचे सर्रास मिळते. त्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. लालभडक दाण्यांचे असले तर रंग छान येतो, पण फिक्या दाण्यांचे गोड डाळिंबही चालते. डाळिंब महाग वाटले तर चरकाची आठवण ठेवून आवळा घ्या. एक आवळा किसून, पिळून, रस घाला आणि साखर थोडी वाढवा. अननस किंवा पपई मात्र कच्ची घालून ठेवू नका. त्यांतला पाचक रस दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतो आणि दही कडू होते. अननस घालायचाच तर साखरेत शिजवून, गार करून घाला. सीताफळ वापरायचे तर बिया एकूण एक काढा. त्या विषारी असतात, मिक्सरमध्ये एकही जाता कामा नये. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्या. कल्हई गेलेल्या पितळेत दही कळकते, आणि लोखंडाला लागला की डाळिंबाचा रस काळवंडतो. जुन्या कृतीतला कापूर वाचून देवघरातला कापूर कोणी दह्यात घालू नये. तो खाण्याचा नव्हे. मधुमेहाच्या मंडळींनी साखर वगळावी आणि डाळिंबाचीही गोडी हिशेबात धरावी.

हे पेय करून ठेवायचे नाही. घुसळले की प्यायचे, नाहीतर तिरफळाचा वास अर्ध्यावर येतो. आणि रात्री देऊ नका, निदान घरात कोणी चरक मानणारे असेल तर. भाऊबीजेच्या दुपारी भावंडे जेवून लवंडली की एकेकाच्या हातात पेला द्या, आणि आत काय आहे ते आधी सांगू नका. जिभेला मुंग्या आल्या की ती आपणहून उठून बसतील.