थोरल्याच्या पश्चात

घरातील कर्ता अकाली गेला म्हणजे धाकट्याच्या खांद्यावर कोणता भार येतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गायक-गीतकार ग्रेग ऑलमन याच्या वाट्यास असा भार एका वाद्यवृंदाच्या रूपाने आला.

ग्रेगचा जन्म १९४७ साली नॅशव्हिल येथे झाला. तो दोन वर्षांचा असतानाच पित्याचा खून झाला आणि दोन्ही मुलांना आईने वाढविले. गिटार प्रथम हाती घेतली ती ग्रेगने; तीत नाव मिळविले ते वर्षाने थोरल्या ड्वेनने. मार्च १९६९ मध्ये ड्वेनने फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे सहा जणांचा ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ जमविला, तेव्हा गायन, ऑर्गन व गीतरचना धाकट्याकडे सोपविली. ब्लूज, जाझ आणि रॉक यांचा संगम साधणाऱ्या या संचात ड्रम वाजविणाऱ्या दोघांपैकी एक गोरा, तर दुसरा कृष्णवर्णीय होता. त्या काळच्या दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती.

जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथील मैफलींची ध्वनिमुद्रिका निघाली, कीर्ती दारी आली, आणि २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय अवघे २४. पुढल्याच वर्षी बेस वाजविणारा बेरी ओकलीही तसाच गेला. तरीही संच टिकला.

हा भार ग्रेगने सदैव नीट पेलला, असे आम्ही म्हणणार नाही. व्यसनांनी त्याला ग्रासले. १९७६ साली अमली पदार्थांच्या खटल्यात त्याने आपल्याच सहायकाविरुद्ध साक्ष दिली. सहकारी दुरावले आणि मृत्यूने जे मोडले नव्हते ते मोडले. संच पुन्हा जुळला, १९८२ साली पुन्हा फुटला, १९८९ साली पुन्हा उभा राहिला. १९९५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान स्वीकारतानाची स्वतःची अवस्था दूरचित्रवाणीवर पाहून तो शरमला आणि व्यसनमुक्तीकडे वळला.

संचाची अखेरची मैफल २८ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाली. ती मध्यरात्र उलटून थोरल्याच्या स्मृतिदिनात शिरली. २०१७ साली ग्रेग निवर्तला. मेकन येथे भावाच्या सन्निध त्याचे दफन झाले.

थोरल्यास संचासाठी जेमतेम अडीच वर्षे लाभली. धाकट्यास पुढली ४३ वर्षे मिळाली, चुकण्यासाठीही आणि सावरण्यासाठीही. आपापल्या घरांतील धाकट्यांचा हिशेब मांडताना वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे.